कडेवरची पोरं

बोरजाईवाडीच्या शाळेत घंटेला फारशी किंमत नव्हती. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा मारुतीच्या देवळात तुळईला टांगलेला होता आणि जिनपाल मास्तर तो हात दुखेपर्यंत बडवत. पोरं ऐकून न ऐकल्यासारखी करत. पण राहीबाईचं तोंड सुरू झालं की झाडावरची खाली येत, ओढ्यातली वर येत आणि गवताच्या गंजीत दडलेली शेपूट धरून ओढल्यासारखी बाहेर निघत. काष्टा मारलेलं लुगडं, हातात शेवरीची काटकी, आणि आवाज असा की पलीकडच्या शिवारातल्या पाखरांनीही उठून जावं.

"ए केरबाच्या, म्हशीच्या पाठीवरनं उतर! परीक्षेला म्हस बसणार हाय का तू?"

"आवं, ताप आलाय मला."

"ताप आलाय तर उन्हात कशाला हिंडतोस? चल, मास्तरांकडं औषिद हाय."

काटकी तिनं कुणाला मारलेली कुणी पाहिली नव्हती. पण ती कधी मारणारच नाही, अशी खात्रीही कुणाला नव्हती. तेवढ्यावर शाळा भरत असे.

तिचं खरं काम शाळेतले माठ भरणं आणि देऊळ झाडणं एवढंच. त्याबद्दल सुगीत खळ्यावर घरटी सूपभर जोंधळे मिळत. पोरं गोळा करायला तिला ना स्कूल बोर्डानं सांगितलं होतं, ना गावानं. रिकाम्या बाईला दुसऱ्याच्या पोरांचा सोस, असं गाव मागं म्हणे. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती.

रिकामी तर ती होतीच. नवरा पहिल्या मोठ्या लढाईत बसऱ्याला गेला तो परत आला नाही, आणि त्याच्यामागं मांडीवर खेळवायला काही राहिलं नव्हतं. वांझ आणि वर रांडाव; गावच्या हिशेबात यापेक्षा अशुभ काही नसतं. शेजारच्या बारशाला तिच्या दारात घुगऱ्या येत, पण पाळण्यापाशी ये म्हणून कुणी बोलावत नसे. रस्त्यात एखादी लेकुरवाळी समोरून आली की पदर हळूच पोराच्या तोंडावरून जाई. हे सगळं राहीबाईला दिसायचं. तीस वर्षं दिसत आलं होतं. आपण पाहिलंच नाही असं दाखवून ती पुढं चालू लागे आणि पुढच्या वळणावर कुणातरी पोराला मोठ्यानं शिव्या घाली.

जिनपाल मास्तर सांगलीकडचे, कुपवाडचे. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणारा. स्वभावानं इतका मवाळ की पोरांना रागवायचं तर आधी खाकरून घ्यायचा. चार इयत्तांना मास्तर एकच. मुलग्यांचं राहीबाई बघत होती, पण मुलींचं काय करावं ते मास्तरांना उमगत नव्हतं. पटावर मुलींची नावं होती आणि त्यांच्या बसकरावर चिमण्या नाचत होत्या. मास्तरांनी उपाय केले. महिनाभर न चुकता येईल तिला घंटा वाजवायचा मान दिला. सुट्टीच्या दिवशी पायात वहाणा घालून घरोघर हिंडले. सगळीकडं एकच उत्तर मिळालं.

"पाठवते की वो मास्तर. पर ह्याला कोण घ्यायचं?"

'ह्याला' म्हणजे कडेवरच्याला. दुसरी लढाई पेटली होती. वाडीतले निम्मे गडी पलटणीत गेले होते, कुणी आफ्रिकेत, कुणी ब्रह्मदेशाच्या रानात. औत धरण्यापासून मोट हाकण्यापर्यंत सगळं बायकांवर पडलं होतं आणि घरातली मोठी पोरगी म्हणजे घरातल्या तान्ह्याची कड. सात-आठ वर्षांच्या पोरी एका बाजूला वाकलेल्या हिंडायच्या. पोर उतरवून ठेवलं तरी त्यांची कंबर सरळ होत नसे.

त्यातली एक अंजना. जोतीराम पलटणीतला, त्याची थोरली. तिच्या कडेवर धाकटा भाऊ हंबीर. नाव हंबीरराव आणि अंगावर करगोट्याशिवाय काही नाही, असा तो सरदार होता. अंजना त्याला घेऊन देवळाच्या खिडकीबाहेर उभी राही. आत मास्तर प्रश्न घालत, पोरं एकमेकांची तोंडं बघत आणि उत्तर खिडकीतून येई. मास्तर हसत, पोरं चिडत. राहीबाई माठात घागर ओतता ओतता थांबे आणि ऐकत राही. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, उत्तर बरोबर की चूक ते मास्तरांच्या चेहऱ्यावरून कळे.

ही पोरगी चारचौघींतली नव्हे, हे तिनं फार आधीच ठरवलं होतं. रांगत्या वयात एकदा अंजना आपणहून तिच्या उंबऱ्यावर चढून आली होती आणि तिच्या पायाला मिठी मारून उभी राहिली होती. तिची आजी अंबूबाई धावत येऊन पोरीला ओढून घेऊन गेली. गेली तर गेली. पण आली होती, हे राहीबाई विसरली नव्हती.

एक दिवस तिनं घागर खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले.

"दे त्याला हिकडं. तू आत जा."

अंजना मागं सरली. "आजी वरडंल."

"आजी रानात हाय. आन् म्या काय खाणार हाय व्हय त्याला?"

हंबीरला आजीचे नियम ठाऊक नव्हते. त्यानं झेप घातली आणि राहीबाईच्या गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली. अंजना आत गेली. त्या दिवशी राहीबाईनं देऊळ झाडलं नाही. पोर छातीशी धरून ती पारावर बसून राहिली. तिचे डोळे सारखे भरून येत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगत होती की धूळ लय उडालीय आज.

अंजनाच्या आईला, बयाला, हे संध्याकाळी कळलं. पोरीनंच सांगितलं. सासू रानाकडं निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी बया स्वतःच हंबीरला घेऊन आली आणि राहीबाईच्या हातात देत म्हणाली, "आत्याबाईस्नी दिसू देऊ नगा, एवढंच." तिलाही खुरपायला हात हवे होते. आणि नवऱ्यानं जाताना सांगितलं होतं की पोरीला शिकव.

एकीनं दिलं, दुसरीनं पाहिलं. खुरपणी सुरू झाली तशी एकेक करून देवळाकडं येऊ लागली. पदराआडून आणलेलं पोर घाईघाईनं राहीबाईच्या ओटीत टाकायचं आणि मागं वळून न बघता रान गाठायचं. देवळामागं आप्पासो पाटलांच्या जुन्या गुऱ्हाळाची खोप रिकामी पडली होती. तिथं राहीबाईनं गोधड्या अंथरल्या. आडव्या वाशाला जुन्या लुगड्यांच्या धडप्यांच्या झोळ्या बांधल्या. अंबूबाईला कळलंच अखेर; चार दिवस आदळआपट झाली, पण खुरपायला माणूस मिळेना तेव्हा तिनंही डोळ्यांवर कातडं ओढलं. तीस वर्षं जिची सावली गाव टाळत होतं, तिच्या मांडीवर आता गावाची लेकरं लोळत होती. आणि आत देवळात मुलींची बसकरं भरली होती.

राहीबाईची अट एकच होती. ती समजायला त्या वेळची रीत सांगितली पाहिजे. रानात जाणारी बाई तान्ह्याला सकाळी राईएवढी अफू दुधात उगाळून चाटवत असे. पोर दिवसभर बांधावर झोपून राही, बाईचं काम उरके. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. घरोघर चुलीच्या कोनाड्यात ती डबी असायचीच. राहीबाईच्या कनवटीलाही होती, थंडीत गुडघे धरत म्हणून. पण पोरांच्या बाबतीत ती ऐकायची नाही.

"माज्याकडं सोडायचं तर अफू घालायची न्हाई. निजलेलं पोर तुमास्नी पाहिजे, मला न्हाई. मला रडणारं द्या."

बायका हसल्या, पण ऐकल्या. खोपीत मग कालवा असे. एक निजलं की दुसरं उठे, आणि त्या कालव्यात राहीबाई सुखानं घामाघूम होई. तिच्या आयुष्यातली ती बरी म्हणावी अशी वर्षं. वर्षं तरी कसली, एक पावसाळा आणि एक हिवाळा.

त्या पावसाळ्यातच डिपोटी येऊन गेला. शाळा तपासणारा साहेब. घोड्यावरून यायचा, त्याच्या आधी त्याचा दरारा यायचा. मुलींची हजेरी बघून तो खूश झाला, पण तेवढ्यात मागच्या खोपीतून सात सुरांत रडणं सुरू झालं आणि वर्गातल्या निम्म्या मुली सवयीनं उठून उभ्या राहिल्या. ज्याचं रडणं, त्याची बहीण.

"ही शाळा आहे की कोंडवाडा?" डिपोटी कडाडला. "मास्तर, पुढच्या खेपेला एक जरी पोर रडलेलं ऐकलं, तर पोरं घेऊन येणाऱ्या मुलींची नावं मी पटावरून काढीन. मग वर्ग रिकामा राहिला तरी चालेल."

मास्तरांनी मान खाली घातली. साहेब गेल्यावर ते खोपीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले आणि बराच वेळ खाकरत राहिले.

"राहीबाई, पुढच्या खेपेला ते चौथीची परीक्षा घेणार आहेत. खिडकीतूनच तीन इयत्ता शिकली म्हणून अंजनाला मी चौथीत बसवलंय."

"मग?"

"ती पास झाली तर रहिमतपूरला पाचवीत जाईल. तिथून सातवीची फायनल झाली तर मास्तरीण होईल ती. मी उगाच बोलत नाही. अशी पोरगी मी अजून पाहिली नाही."

मास्तरीण हा शब्द राहीबाईनं त्या दिवसापासून कुणालाही न सांगता मनात जपून ठेवला. पाणी भरताना, झोळीला झोका देताना तो तिच्या तोंडात घोळत असे. आपल्या खोपीतून एक मास्तरीण निघणार. अंजनाच्या कडेवरचं ओझं आपण घेतलं म्हणून निघणार. त्यापुढं तिला गुडघेदुखीचंही काही वाटेना.

डिपोटी आला तो माघात, जोंधळ्याची काढणी ऐन भरात असताना. आदल्या दिवशी सांगावा आला. राहीबाईनं देऊळ सारवलं, पोरींच्या वेण्या घातल्या, ज्याच्या नाकाला शेंबूड त्याला ओढ्यावर नेलं. सकाळी बायका पोरं टाकून गेल्या. हंबीरला स्वतः बया घेऊन आली. पोर खांद्यावर मान टाकून पेंगत होतं.

"रातच्याला निजला न्हाई व्हय गं?" राहीबाईनं विचारलं.

"न्हाई," बया म्हणाली आणि झपाझपा निघून गेली. राहीबाईला त्यात काही वेगळं दिसलं नाही. काढणीच्या दिवसांत सगळ्याच झपाझपा जात होत्या.

पहिला प्रहर बरा गेला. आत मुलग्यांची परीक्षा चालली होती. राहीबाई खोपीत या झोळीपासून त्या झोळीपर्यंत वाकत होती, तोंडात बोट घालायला देत होती, गूळ चाटवत होती. पण उन्हं चढली, खोप तापली आणि एकानं टाहो फोडला. त्याला उचलावं तर दुसरं, दुसऱ्याला धरावं तर तिसरं. देवळाच्या भिंतीच्या फटीतून तिनं आत पाहिलं. अंजना फळ्यापाशी उभी होती, हातात खडू. डिपोटीनं हिशेब घातलेला. मागच्या ओळीतल्या मुली चुळबुळत होत्या. डिपोटीनं कपाळाला आठ्या घालून खिडकीकडं पाहिलं आणि मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला.

राहीबाईचा हात कनवटीला गेला.

तिनं स्वतःच घातलेली अट तिला आठवली नाही असं नाही. पण सगळ्या गावाच्या आया रोज करतात ते आपण एक दिवस केलं तर काय मोठं आभाळ कोसळणार आहे, असं तिच्या मनात आलं. तिनं डबी उघडली, कण वाटीत दुधाशी उगाळले आणि एकेकाच्या जिभेला बोट लावत गेली. तिनं घाई केली नाही, माप सोडलं नाही. राईएवढं म्हणजे राईएवढंच. हंबीर बाकीच्यांच्या रडण्यानं चाळवला होता, झोपेतच कुरकुरत होता. अंजनाचे कान त्याच्याच आवाजाकडं असणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं त्यालाही चाटवलं, जरा थोपटलं आणि झोळीत सोडलं.

हळूहळू खोप गप्प झाली. आत फळ्यावर खडू वाजू लागला.

अंजनाचा हिशेब बरोबर आला. पुढचाही आला. धड्यातला उतारा तिनं न अडखळता वाचला. डिपोटीनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला की मुलींची अशी हजेरी मी तालुक्यात दुसरीकडं पाहिली नाही. जाताना तो खोपीत डोकावला. ओळीनं निजलेली पोरं बघून त्याला आणखीच बरं वाटलं.

"किती शहाणी मुलं आहेत! मागच्या वेळी मी उगाच रागावलो, बाई."

राहीबाईनं हात जोडले. त्या वेळी तिला स्वतःचा केवढा अभिमान वाटला!

साहेबाचा घोडा ओढा उतरून गेला आणि पोरी खोपीकडं धावल्या. जिनं तिनं आपलं उचललं. काही डोळे चोळत उठली, काही मान टाकून पुन्हा निजली. अंजनानं हंबीरला झोळीतून काढलं, कडेवर घेतलं आणि त्याचं डोकं मागं कलंडलं.

"राहीआजे, ह्यो उठंना."

राहीबाईनं त्याला घेतलं. ओठ काळेनिळे पडले होते. श्वास येत होता, पण मध्येच विसरल्यासारखा थांबत होता. तिनं तोंडावर पाणी मारलं, तळवे घासले, उलटं धरून पाठ थोपटली. मास्तर रहिमतपूरच्या डाक्टरासाठी धोतर वर खोचून धावत सुटले. त्या माणसाला कुणी कधी धावताना पाहिलं नव्हतं. अंजनाला राहीबाईनं आजीला बोलवायला पिटाळलं; बाकीच्या पोरी आपापली भावंडं घेऊन आधीच घराकडं पळाल्या होत्या. तेवढ्यात कुणीतरी सांगितल्यामुळं बया रानातून आली, हातात विळा तसाच.

तिनं पोराकडं पाहिलं आणि खाली बसली. पोराचा श्वास एकदा थांबला तो पुन्हा आला नाही. दोघी बायका त्याच्यावर वाकून वाट बघत राहिल्या. आता येईल, आता येईल. मग बयाच्या तोंडातून शब्द निघाले ते तिलाही ऐकू येत होते की नाही कोण जाणे.

"म्या घातली हुती वो सकाळी. अंजी म्हनली, आये, आज परीक्षा हाय, हंबीर रडला तर माजं चित्त ऱ्हायचं न्हाई, त्याला चांगला निजवून दे. म्हनून घातली. तुमी घेतला नसता म्हनून सांगितलं न्हाई."

बाकीची पोरं उठली आणि हाच का उठला नाही, ते राहीबाईला कळलं. दोघींनी एकाच पोरीसाठी, एकाच सकाळी, एकाच पोराला चाटवलं होतं. एकीला दुसरीचं ठाऊक नव्हतं.

"अंजीला ठाव हाय?" तिनं विचारलं.

"काय?"

"तू अफू घातलीस ते."

"न्हाई. तिला वाटलं पाजून निजवला." बया हमसू लागली. "आता सांगावं लागंल. आत्याबाईस्नी सांगावं लागंल. पोरीला—"

राहीबाईनं तिचं तोंड दाबलं. चांगलं घट्ट दाबलं.

"गप. कुणाला सांगायचं न्हाई. तिनं तुला निजवायला सांगितलं आन् ह्यो असा निजला, हे तिला कळलं तर ती जन्मभर ह्येच घेऊन बसंल. शाळंचं नाव काढंल का पुन्यांदा? आईच्या तोंडाकडं तरी बघंल का? तू काय घातली न्हाईस. म्या घातली. ऐकतीस न्हवं? म्या एकलीनं घातली."

ओढ्याच्या वाटेवर अंबूबाईचा आवाज ऐकू येऊ लागला. राहीबाईनं पोर बयाच्या मांडीवर ठेवलं आणि उठून उभी राहिली. म्हातारी आत आली तेव्हा हिनंच आधी सांगून टाकलं.

"अंबूबाई, म्या अफू चाटवली. माज्या हातानं."

त्याच्या पुढं जे झालं ते लिहायला नको वाटतं. अंबूबाईनं तिच्या झिंज्या धरल्या. बायका जमल्या. आप्पासो पाटील येऊन म्हणाले की तान्ही पोरं मरतच असतात, सरकारदरबारी जाऊन हाती काय लागणार. ते गेले. पण बायकांचा दरबार पाटलांच्या हातात नव्हता.

"आमी रोज घालतोय अफू. आमच्या हातानं मरतंय व्हय?" एकजण म्हणाली.

"तिनं समद्यास्नी घातली. बाकीची उठली. माजाच उठला न्हाई!" अंबूबाई ऊर बडवत होती. "तिची नदर त्याच्यावर हुती. पहिल्या दिसापासनं हुती."

खरं ज्या दोघींना ठाऊक होतं, त्यांतली एक मांडीवरचं पोर सोडायला तयार नव्हती आणि दुसरी केस विस्कटलेले तसेच ठेवून भिंतीशी उभी होती. अंजना दारात होती. तिनं एकदा राहीबाईकडं पाहिलं. त्या नजरेपेक्षा झिंज्या बऱ्या होत्या.

हंबीरला ओढ्याकाठी पुरलं. दुसऱ्या दिवसापासून खोपीकडं कुणी फिरकलं नाही. झोळ्या वाशाला तशाच लोंबत राहिल्या. पोरं बहिणींच्या कडेवर परत गेली, बहिणी बांधावर परत गेल्या. जे पोर राहीबाईनं कधी हातात घेतलं नव्हतं, त्याच्याही तोंडावर ती दिसली की पदर येऊ लागला. शाळेत पाणी भरायला दुसरी बाई आली, कारण तिच्या हातचं पाणी पोरांना पाजू नका असं गावानं मास्तरांना सांगितलं.

मास्तर एकदा तिच्या दारात आले. बराच वेळ खाकरले.

"राहीबाई, दोष माझाही आहे. पोरं गप्प राहायला हवीत असं मी—"

"आवं मास्तर, तुमी शिकवा," राहीबाई म्हणाली. "अंजी येती का?"

मास्तरांनी नकाराची मान हलवली. ती सुतक फिटल्यानंतरही आली नव्हती.

हे ऐकल्यावर राहीबाईला राहवेना. गावानं टाकलेल्या बाईनं कुणाच्या दारात जाऊ नये. ती गेली नाही. पण बया ओढ्यावर धुणं घेऊन येते ती वेळ तिला ठाऊक होती. ती पलीकडच्या काठाला जाऊन बसली. बयाचं लुगडं छातीशी ओलं होतं. दूध अजून येत होतं. तिनं राहीबाईला पाहिलं आणि हातातलं धुणं दगडावर तसंच राहू दिलं.

"म्या सांगते आज आत्याबाईस्नी," ती म्हणाली. "मला सोसत न्हाई. तुमास्नी लोक काय काय बोलत्यात."

"सांगू नगंस. माजं काय ऱ्हायलंय आता बिघडायचं? पर अंजीला शाळंत धाड. माजं एवढं ऐक. तिला घरात ठिवलीस तर मग ह्ये समदं कशाला झालं गं?"

बया म्हणाली, "धाडते की. आता ती घरात बसून तरी काय करणार? तिच्या कडंवर हाय कोण?"

आणि दोन काठांवर दोघी ढसाढसा रडल्या. मधून ओढा वाहत होता म्हणून, नाहीतर गळ्यात पडल्या असत्या.

अंजना शाळेत जाऊ लागली. मुलींच्या ओळीत आता ती एकटी होती. चौथी तर ती पास होतीच. जून उजाडेपर्यंत मास्तर तिला पाचवीची तयारी करून देत होते. पण ती रोज उशिरा पोचे. एक दिवस तिच्या पोटऱ्यांवर रक्ताचे ओरखडे दिसले तेव्हा मास्तरांच्या ध्यानात आलं. जोतीरामच्या घराकडून देवळाकडं यायची सरळ वाट राहीबाईच्या दारावरून होती. ती वाट सोडून पोरगी ओढा उतरून, बाभळींच्या बनातून, सगळ्या वाडीला वळसा घालून येत होती. भावाला मारणारीचं तोंड दिसू नये म्हणून.

मास्तरांनी हे राहीबाईला सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्या माणसाच्या पोटात काही राहत नसे. राहीबाईनं ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं फक्त एवढंच विचारलं, की शाळा नेमकी किती वाजता भरते हल्ली.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळची कामं अंधारातच उरकू लागली. पाणी आणायचं, शेण काढायचं, अंगण झाडायचं, सगळं आधीच. शाळेची वेळ आली की ती आत जाई आणि दार लावून घेई. बाहेर केरसुणी नाही, घागर नाही, कुणी राहतं असं वाटू नये इतकं सगळं आवरून. पहिले काही दिवस कुणी आलं नाही. मग बयानं पोरीला सांगितलं असावं, किंवा पोरीनं स्वतःच दुरून पाहिलं असावं. एका सकाळी वाटेवर पावलं वाजली. दारापाशी येऊन ती जलद झाली आणि पुढं गेली.

अंजना पुढं पाचवीला रहिमतपूरला जाऊ लागली. रहिमतपूर लांब, पोरीला उजाडायच्या आत निघावं लागे. तेव्हा ते दार आणखी लवकर लागू लागलं. लढाई संपली, पलटणीतले गडी परतले, जोतीरामही परतला. वाडीतल्या आणखी काही मुली पटावर आल्या आणि गेल्या. राहीबाईनं पोरांना हाका मारणं केव्हाच सोडलं होतं. तिचा आवाज कसा होता हे नव्या पोरांना ठाऊकही नव्हतं.

पाऊस असो, थंडी असो, ती दाराच्या आत उंबऱ्याला टेकून अंधारात बसून राही. पावलं आली, दारावरून गेली आणि ओढ्याच्या उताराला लागली, म्हणजे आज पोरगी शाळेत वेळेवर पोचणार. मग ती उठे आणि दार उघडी.